ठाम विश्वास आणि नम्र बोलणं: ख्रिस्त सांगायचा कसा?

जैतून

आमच्या तरुण संघातल्या एका मुलीने विचारलेला प्रश्न इथे जसाच्या तसा मांडते. "ख्रिस्त हाच सत्य आहे हे मला मनापासून पटलंय. मग दुसऱ्याशी बोलताना नम्र राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? पटलंच नाही असं दाखवायचं का?"

प्रश्न नेमका आहे. आपल्यात दोन तऱ्हा सर्रास दिसतात. ज्याचा विश्वास ठाम, तो समोरच्याला तोंड उघडू देत नाही. जो स्वभावाने सौम्य, तो आपल्याला काय पटलंय ते शेवटपर्यंत सांगतच नाही. दोघांचीही समजूत एकच असते की नम्रता वाढली की ठामपणा कमी व्हायलाच हवा.

मला तसं वाटत नाही. तारण मी हुशारीने शोधून काढलेलं नाही, कष्टाने कमावलेलं नाही. ते कृपेने मिळालं. हे ज्याच्या खरोखर अंगी मुरलं, त्याला समोरच्यापेक्षा वरच्या पायरीवर उभं राहायला कारणच उरत नाही. विश्वास द्यायचा तो देवाने. म्हणजे समोरच्याचं मन वळवून दाखवण्याचा भार माझ्यावर नाही, आणि म्हणूनच त्याला 'नाही' म्हणायची पूर्ण मोकळीक देणं मला परवडतं.

पेत्राच्या पहिल्या पत्रातलं ३:१५ आपल्या सगळ्यांना पाठ असतं: तुमच्या आशेविषयी जो विचारेल त्याला उत्तर द्यायला सदैव तयार असा. पण वाक्य तिथे संपत नाही. ते उत्तर सौम्यतेने आणि आदराने द्या, हेही त्याच दमात म्हटलंय. आणि हे पत्र सुखात बसलेल्यांना लिहिलेलं नाही. ज्यांची निंदा होत होती, छळ होत होता, त्यांना हे सांगितलंय. म्हणजे विचारणारा खोचकपणे विचारत असला तरीही आदर सोडायचा नाही.

पौल अथेनैत (अथेन्समध्ये) गेला तो प्रसंग (प्रेषितांची कृत्ये १७) मला फार शिकवतो. १६व्या वचनात म्हटलंय की मूर्तींनी भरलेलं शहर बघून त्याचा आत्मा खवळला. आणि २२व्या वचनात तो अरीयपगात, म्हणजे तिथल्या मानाच्या सभेत, उभा राहून बोलायला लागतो तेव्हा पहिलं वाक्य काय, तर अथेनैकरांनो, तुम्ही सर्व बाबतींत देवधर्माला फार मानणारे आहात. मधल्या पाच वचनांत त्याने त्या रागाचं काय केलं ते हे पुस्तक लिहिणारा लूक सांगत नाही. पण शहरातून फिरताना त्याने त्यांच्या वेद्यांवरचे लेख वाचले होते, आणि त्यांच्याच कवींच्या ओळी त्याला तोंडपाठ होत्या. ज्यांना सांगायचं त्यांचं वाचायचे कष्ट त्याने घेतले होते. पुनरुत्थानाचा विषय मात्र टाळला नाही, तिथे हसू होणार हे दिसत असूनही. काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, आणि थोड्यांनी विश्वास ठेवला. तिन्ही प्रकारचे लोक तिथून धड गेले. कुणाच्या मागे लागणं नाही की कुणाला शाप देणं नाही.

आणखी एक जागा. लूक २४ मधली अम्माऊसची वाट. दोघे शिष्य उदास होऊन चाललेत आणि प्रभू त्यांच्याबरोबर चालू लागतो. यरुशलेमेत काय घडलं हे त्याच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? तरी तो विचारतो, "कोणत्या गोष्टी?" आणि त्यांची पूर्ण हकीकत ऐकून घेतो, त्यांच्या चुकलेल्या अपेक्षांसकट. मग बोलतो, आणि स्पष्टच बोलतो, 'मतिमंद' म्हणण्याइतकं स्पष्ट. पण गाव जवळ आल्यावर तो पुढे जाण्याचा रोख दाखवतो. त्यांनी आग्रह केला म्हणून थांबला. त्यांनी आग्रह केला नसता तर? हे वचन मी कितीतरी वेळा वाचलंय आणि दर वेळी तिथे थबकते. साक्षात सत्य दारात उभं आहे, आणि बोलावल्याशिवाय आत येत नाही.

तुमचे अनुभव आणि मतभेद दोन्ही लिहा. ख्रिस्ती नसलेल्या सदस्यांनी तर जरूर लिहावं. समोरून हे कसं दिसतं ते आम्हाला तुमच्याकडूनच कळणार.

दिवटी

जैतूनताई, लेख आवडला, पण एक धोका दिसतो. सौम्यतेच्या नावाखाली वचन पातळ करायची सवय मंडळ्यांमध्ये वाढते आहे. पाप, पश्चात्ताप, न्याय हे शब्द उपदेशातून गायब झालेत. प्रभूने परूश्यांना 'चुना लावलेल्या कबरा' म्हटलं. पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर सुनावलं (गलती २). तिथे कुठे होता मवाळपणा? डॉक्टरने रोग्याला बरं वाटावं म्हणून निदान लपवायचं का?

जैतून

दिवटीदादा, निदान लपवू नये याला माझा पूर्ण होकार. मार्क १० मधला श्रीमंत तरुण घ्या. येशूने त्याला अवघडातली अवघड गोष्ट सांगितली आणि तो खिन्न होऊन निघून गेला. अट सैल करून त्याला परत बोलावलं नाही. पण ती अट सांगण्याआधी मार्क लिहितो की येशूने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि त्याला त्याच्यावर प्रीती वाटली. हाच प्रसंग मत्तय आणि लूक दोघेही सांगतात, पण ही नोंद फक्त मार्कमध्ये आहे.

आता तुमची उदाहरणं. ते कठोर शब्द कुणाला आहेत ते बघा. मत्तय २३ शास्त्री-परूश्यांना, म्हणजे धर्म शिकवणाऱ्यांना. गलती २ खुद्द प्रेषिताला. शोमरोनी स्त्रीशी (विहिरीवर भेटलेली परक्या समाजातली बाई), जकातदार जक्कयाशी, रोमी शताधिपतीशी प्रभू त्या सुरात बोलला नाही. १ करिंथ ५:१२ मध्ये पौल सरळ विचारतो, बाहेरच्यांचा न्याय करणं माझ्याकडे कुठे आहे? आपण नेमकं उलट करतो. आतल्यांना सांभाळून घेतो आणि बाहेरच्यांवर तोफ डागतो.

दिवटी

हा मुद्दा मान्य. पण शोमरोनी स्त्रीला तिचे पाच नवरे काढून दाखवलेच ना? विषय टाळला नाही.

जैतून

नाही टाळला. पण आधी तिच्याकडे पाणी मागितलं. स्वतःची गरज तिच्यापुढे ठेवून बोलण्याला सुरुवात केली.

रानवाट

मी ख्रिस्ती नाही. आमंत्रण दिलंत म्हणून लिहिते आहे.

वडील बरेच दिवस इस्पितळात होते तेव्हा दोन वेगवेगळी माणसं भेटली. पहिले गृहस्थ वॉर्डात पत्रकं वाटत होते. बाबांच्या उशाशी पत्रक ठेवलं आणि विचारलं, "आज रात्री तुम्ही गेलात तर कुठे जाल, माहीत आहे का?" बाबांना तेव्हा ऑक्सिजनची नळी लावलेली होती, उत्तर देता येत नव्हतं. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी त्या गृहस्थांना बाहेर जायला सांगितलं.

दुसरी बाई शेजारच्या खाटेवरच्या रोग्याची बहीण. मी औषधं आणायला खाली गेले की बाबांच्या सलाइनवर लक्ष ठेवायची. बाटली संपत आली की सिस्टरला हाक मारायची. आमची ओळख वाढल्यावर एकदा म्हणाली, "मी येशूला मानते. काकांसाठी प्रार्थना करते रोज, मनातल्या मनात. इथे बसून केली तर चालेल का? नको असेल तर नको म्हणा, मला काही वाटणार नाही." मी बाबांना विचारलं, त्यांनी मान हलवली. तिने दोन-तीन वाक्यांत प्रार्थना केली आणि पुन्हा आपल्या भावाजवळ जाऊन बसली. पुढे कधी विषय काढला नाही. मीच काढला.

मी आजही ख्रिस्ती नाही, आणि व्हायचा विचारही नाही. पण येशूबद्दल कुणी काही वावगं बोललं तर मला ती बाई आठवते आणि मी ऐकून घेत नाही.

ओंजळ

रानवाट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पहिल्या गृहस्थांचा प्रश्न आमच्याकडे प्रशिक्षणात शिकवतात. तो कुणाला, कुठे आणि कोणत्या घडीला विचारायचा हे कुणी शिकवत नाही. सर्वस्व गमावून दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तिथपर्यंत त्यांचं सगळं बरोबर होतं. मग ते बोलायला लागले, देवाची बाजू घेऊन बोलले, आणि शेवटी देवाने ठपका त्यांच्यावरच ठेवला. माझ्याविषयी तुम्ही यथार्थ बोलला नाहीत, असं म्हणाला.

अनुत्तरित

मीही बाहेरचाच. मला जरा कडक विचारायचंय, राग मानू नये.

प्रेम, नम्रता वगैरे ठीक आहे. पण इतिहास काय सांगतो? गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारं चर्चचं न्यायालय, आलं आणि कायमचं बंद व्हायला १८१२ उजाडलं. फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने सॅक्सन लोकांना तलवारीच्या धाकावर बाप्तिस्मे दिले. आणि आज जी 'मैत्री' केली जाते तिच्यामागे हेतू धर्मांतराचाच असतो की नाही? हेतू मनात ठेवून केलेल्या मैत्रीला प्रेम म्हणायचं का?

जैतून

अनुत्तरित, राग अजिबात नाही. दोन्ही प्रश्न खरे आहेत, वेगवेगळे घेते.

इतिहासाचं जे तुम्ही म्हणता ते घडलंय. 'तो काळच तसा होता' असं म्हणून मी ते धुऊन टाकणार नाही, कारण त्या काळातही हे चूक आहे हे सांगणारे होते. शार्लमेनच्या दरबारातला विद्वान अल्क्विन यानेच आठव्या शतकाच्या अखेरीस लिहिलं की माणसाला विश्वासाकडे ओढून घेता येतं, ढकलता येत नाही. बाप्तिस्मा जबरीने देता येईल, विश्वास नाही. सोळाव्या शतकात स्पॅनिश धर्मगुरू बार्तोलोमे दे लास कासासने अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसाठी अख्खा ग्रंथ लिहून मांडलं की बुद्धीला पटवणं आणि मनाला हळुवारपणे वळवणं, ख्रिस्ताकडे बोलावण्याचा एवढा एकच मार्ग आहे. आणि या दोघांच्या कितीतरी आधी, चर्चच्या हाती कसलीच सत्ता नव्हती तेव्हा, दिओग्नेतस नावाच्या गृहस्थाला लिहिलेल्या एका पत्रात म्हटलंय की देवाने पुत्राला पाठवलं ते मन वळवण्यासाठी, सक्तीसाठी नव्हे, कारण सक्ती हा देवाचा गुणच नाही. म्हणजे ठाऊक होतं. ठाऊक असून जे झालं त्याचा दोष अधिक मोठा.

मैत्रीचं. हेतू लपवून केलेली मैत्री प्रेम नव्हे, इथे मी तुमच्या बाजूने आहे. २ करिंथ ४:२ मध्ये पौल म्हणतो की लाजिरवाण्या गुप्त गोष्टी आम्ही टाकून दिल्या आहेत, आम्ही कपटाने चालत नाही, सत्य उघड करून माणसांच्या सदसद्विवेकबुद्धीपुढे ठेवतो. माझी कसोटी साधी आहे. तुम्ही उद्या ठामपणे सांगितलंत की हा विषय पुन्हा नको, तर मी तुमच्याकडे पूर्वीसारखीच येत राहीन का? येत राहिले तर ती मैत्री. येणं थांबलं तर तुमचा आरोप सिद्ध. आणि माझ्या मित्राला ख्रिस्त कळावा असं मला वाटतं हे मी लपवणार नाही. ज्याच्यावर जीव आहे त्याला आपल्या आयुष्यातली सर्वांत मोलाची गोष्ट कधीच सांगितली नाही, तर तेही मला खोटेपणाचंच वाटेल.

अनुत्तरित

कसोटी प्रामाणिक आहे. तिच्यावर किती जण उतरतील याची शंका राहतेच, पण उत्तर दिलंत याचं समाधान आहे.

किनारा

धाग्याला जरा धरून, जरा सोडून. माझा धाकटा मुलगा पंचविशीचा आहे. चर्चमध्ये वाढला, रविवारच्या शाळेत शिकवत होता. आता म्हणतो देव नाही. घरात रोज वाद. मी वचनं काढून दाखवतो, तो व्हिडिओ पाठवतो. गेले काही महिने तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. वादात मी बरोबरच आहे याची मला खात्री आहे, पण मुलगा हातचा चाललाय.

ओंजळ

किनारादादा, चौथ्या शतकातला, पुढे चर्चचा मोठा आचार्य झालेला ऑगस्टीन, त्याची आई मोनिका हिला हेच दुःख होतं. मुलगा हुशार, वादात कुणाला ऐकणारा नाही, आणि मानीपंथात (प्रकाश आणि अंधार अशा दोन शक्ती मानणाऱ्या पंथात) गेलेला. ती एका बिशपकडे गेली आणि म्हणाली, तुम्ही त्याच्याशी बोला, त्याच्या चुका दाखवा. बिशपने नकार दिला. म्हणाला, तो अजून ऐकायच्या स्थितीत नाही, राहू दे त्याला. तू फक्त प्रार्थना कर, वाचता वाचता त्याचं त्यालाच कळेल. हा बिशप स्वतः लहानपणी मानीपंथीयांत वाढला होता आणि त्यांचेच ग्रंथ वाचून, कुणी वाद न घालता, बाहेर पडला होता. तिने ऐकलं नाही, रडून गळ घातली. तेव्हा तो जरा वैतागून म्हणाला, जा आता, एवढ्या आसवांचा मुलगा वाया जाणं शक्य नाही.

ऑगस्टीन पुढे मिलानला गेला आणि तिथला बिशप अँब्रोज याला भेटला. त्याबद्दल तो स्वतः लिहितो की मला तो आवडू लागला तो सत्याचा शिक्षक म्हणून नव्हे, माझ्याशी मायेने वागणारा माणूस म्हणून. प्रवचनं ऐकायला जायचा तेही आधी वक्तृत्व कसं आहे ते बघायला. ३८७ च्या ईस्टरला अँब्रोजच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला.

तुमचं घर अजून त्याचं घर आहे हे त्याला कळू द्या. व्हिडिओ पाठवतो म्हणजे तुम्ही बघावा असं त्याला वाटतं. एक पूर्ण बघा आणि त्यातलं काय पटलं तेच आधी सांगा.

किनारा

काय पटलं ते सांगू? त्यात पटण्यासारखं काही असेल तर ना.

जैतून

असतं, दादा. सतराव्या शतकातला फ्रेंच विचारवंत पास्कल याने हे फार छान मांडलंय. चुकणाऱ्याला दाखवून द्यायचं तर तो कोणत्या बाजूने बघतोय ते आधी पाहावं, कारण त्या बाजूने त्याला दिसतं ते बहुधा खरंच असतं. ते कबूल करावं आणि मग दुसरी बाजू दाखवावी. मुलगा म्हणत असेल की चर्चमध्ये ढोंग आहे, तर आहे. म्हणत असेल की निरपराध लेकरांच्या यातनांना सोपं उत्तर नाही, तर नाहीच. स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, त्यातल्या तक्रारीला तिथे उत्तर दिलेलं नाही. पवित्र शास्त्राने जो प्रश्न मोकळा ठेवला तो आपणही थोडा वेळ मोकळा ठेवू शकतो.

पास्कलचा क्रमही लक्षात घेण्यासारखा आहे. धर्म बुद्धीच्या विरुद्ध नाही, आदराला पात्र आहे, हे आधी दाखवा. मग तो हवासा वाटू द्या, इतका की चांगल्या माणसाला वाटावं, हे खरं असतं तर बरं झालं असतं. मग ते खरं आहे हे दाखवा. आपण तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतो.

अभंगवाचक

पंडिता रमाबाईंचं उदाहरण इथे चपखल बसतं. संस्कृतच्या एवढ्या व्यासंगी बाई, वादात हरवून त्यांना कुणी ख्रिस्ती केलं असतं हे संभवत नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी लंडनच्या फुलम भागात सिस्टर मंडळींचं (ख्रिस्ती जोगिणींचं) काम पाहिलं. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे मायेने जवळ केलं जात होतं. अशा बायकांबद्दल ही दया कुठून येते, असं त्यांनीच विचारलं. तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली गेली. आधी काम दिसलं, मग प्रश्न आला, मग वचन. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पण तिथे प्रश्न संपले नाहीत. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), ख्रिस्ताचं देवत्व, चर्चचा अधिकार यांवर त्यांनी सिस्टर जेराल्डिन आणि शिक्षणतज्ज्ञ डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून कडाडून वाद घातला. पुरोहितांचं एक जोखड नुकतंच उतरवलंय, दुसरं मानेवर घेणार नाही, असं ठणकावलं. ज्यांना त्यांच्याकडून मुकाट आज्ञापालन हवं होतं त्यांची निराशा झाली. बीलबाईंनी मात्र प्रश्नाला प्रश्नासारखं घेतलं. त्याच रमाबाईंनी पुढे मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत अख्खं बायबल आणलं. शंका घेऊ दिल्या म्हणून विश्वास बुडाला नाही.

सायमन१९

रेव्ह. ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाईंचंही तेच. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. लक्ष्मीबाई त्या वेळी त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत, दोघांची काही वर्षं ताटातूट झाली. त्या ख्रिस्ती झाल्या त्या नंतर, स्वतः विचार करून. नवऱ्याने सांगितलं म्हणून झाल्या असत्या तर आपल्याला दिसतात त्या लक्ष्मीबाई दिसल्या असत्या का?

दिवटी

वरचं सगळं वाचून माझं एक म्हणणं बदललं, एक नाही. सूर कसा असावा हे पटलं. पण सांगितलंच पाहिजे, वाट बघत आयुष्य घालवू नये, हे मी सोडणार नाही. रोमकरांस १०: ऐकल्याशिवाय विश्वास कसा ठेवतील, आणि सांगणारा नसेल तर ऐकतील कसे?

जैतून

ते सोडू नका, दादा. रानवाट यांच्या हकीकतीतली ती बाई "मी येशूला मानते" हे बोललीच होती.

अनुत्तरित

जैतून, काही आठवड्यांनी परत आलोय. या धाग्यामुळे मार्क वाचायला घेतला, सलग वाचला. १६व्या अध्यायात ९ ते २० ही वचनं कंसात आहेत आणि खाली टीप आहे की जुन्या प्रतींमध्ये ती नाहीत. म्हणजे हा भाग मागाहून घुसडलाय का? तुमच्या लोकांना हे माहीत असतं का?

जैतून

आधी, वाचलंत याचा मनापासून आनंद झाला.

टीप खरी आहे. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांमध्ये मार्क ८व्या वचनाशी थांबतो. पुढची वचनं दुसऱ्या शतकातच काही लेखकांना ठाऊक होती, पण त्यांची शैली वेगळी आहे आणि ती मार्कने लिहिली नसावीत असं बहुतेक अभ्यासकांचं मत आहे. मलाही ते पटतं. पुष्कळ विश्वासूंना हे माहीत नसतं आणि त्यांना ते सांगायला हवं. ८व्या वचनाशी थांबलं तर कबर रिकामी आहे, तो उठला आहे हा निरोप आहे, आणि त्या स्त्रिया भीतीने पळाल्या आहेत. पुनरुत्थानाची साक्ष त्या बारा वचनांवर उभी नाही. त्यासाठी १ करिंथ १५ बघा, ते पत्र साधारण इ. स. ५५च्या सुमाराचं, म्हणजे बहुतेकांच्या मते मार्कच्याही आधीचं.

अनुत्तरित

पुनरुत्थान मला पटलेलं नाही, आधीच सांगून ठेवतो. पण ते प्रकरण वाचतो.

जैतून

१४व्या वचनाशी जरा थांबा. तिथे पौल स्वतःच म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. तुमची शंका त्याने आधीच मांडून ठेवली आहे. आणि ६व्या वचनात तो पाचशेहून अधिक साक्षीदारांचा उल्लेख करतो, त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत असंही सांगतो. त्यावर तुमचा आक्षेप काय असेल तो इथेच लिहा. मी वाचते आहे.